बुडत्या शहरात खंडेराव

खंडेराव मोहिते पाण्याला भीत असत, आणि त्यांचा संसार पंप विकण्यावर चालत असे. यात काही विसंगती आहे असं त्यांना स्वतःला कधी वाटलं नाही. फटाके विकणारा माणूस रोज सकाळी हातात लवंगी धरून वाजवतो का? नाही ना? मग झालं.

ते मूळचे जालन्याकडचे, जिथं पाणी घागरीत राहतं आणि घागर कोनाड्यात. बोईसरला येऊन नवापूर रस्त्यावर दुकान टाकल्याला बावीस वर्षं झाली होती. या बावीस वर्षांत रविवारी मंडळी चिंचणीच्या समुद्रावर जात तेव्हा खंडेराव बरोबर असत. पण सगळ्यांच्या चपला सांभाळण्याचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलेलं होतं. ते इतक्या निष्ठेनं करत की, 'खंडेराव म्हणजे दुसऱ्याचा आधी विचार करणारा माणूस' अशी त्यांची कीर्ती झाली होती. चपला जिथं ठेवत तिथून समुद्र जेमतेम दिसे.

एकोणीसशे त्र्याण्णव साली पंपाच्या कंपनीचं पत्र आलं. दसऱ्यापर्यंत जो दुकानदार दोनशे पंप विकेल त्याला सपत्नीक इटलीची सहा दिवसांची सहल, ऐतिहासिक शहरं, वाटाड्यासह, जेवणासह. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. खंडेरावांनी पत्र काचेखाली लावलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. एकशे साठ पंप होईपर्यंत त्यांचा उत्साह असा होता की ज्याच्या घरी विहीर नाही त्यालाही ते 'आधी पंप घ्या, विहीर काय, होईल' म्हणायचे.

मग एक दिवस पुंजाराम गुरुजी आले. चिंचणीच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. पंपाचं वॉशर घ्यायला आले होते. पत्र वाचून म्हणाले, "व्हेनिस! वा! खंडेराव, नशीबवान आहात. अख्खं शहर पाण्यात."

"पाण्याजवळ," खंडेराव म्हणाले.

"जवळ नाही, पाण्यात. रस्तेच नाहीत. गल्लीऐवजी पाणी, चौकाऐवजी पाणी. दारातून पाय टाकला की होडीत. आणि हळूहळू बुडतंय ते!"

"बुडतंय?"

"वर्षाला थोडं थोडं."

खंडेरावांनी वॉशर कागदात बांधलं, ते सोडलं, पुन्हा बांधलं. मग बारीक आवाजात विचारलं, "आपण जाऊ त्या आठवड्यात साधारण किती बुडेल?"

त्या दिवसापासून दुकानाची तऱ्हा बदलली. पंप मागायला आलेल्या माणसाला खंडेराव बसवून घेत, चहा पाजत आणि दोरी-बादलीचे फायदे सांगत. "व्यायाम होतो. विजेची भानगड नाही. आमचे आजोबा नव्वद वर्षं जगले, पंप बघितला नाही त्यांनी." गिऱ्हाइकं बावचळून दुसऱ्या दुकानात जात; काही हट्टी मात्र पंप घेऊनच उठत. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आकडा एकशे नव्याण्णववर अडकला. खंडेरावांनी शटर ओढलं तेव्हा त्यांचे डोळे समाधानानं मिटत होते.

शटरच्या आत इंदुबाई उभ्या होत्या. इंदुबाई म्हणजे त्यांची पत्नी. बोलायला कमी आणि करायला मोकळी. "एक पंप बांधा," त्या म्हणाल्या. "अर्ध्या एचपीचा. माझ्या भावाच्या नावानं पावती फाडा. पैसे हे घ्या."

"त्याच्या विहिरीला पाणी कुठाय?"

"लागेल कधीतरी. आपलं विमान त्याच्या आधी सुटेल."

आता एकच आशा उरली होती, ती म्हणजे सरकार. शाळेच्या दाखल्यावर त्यांचं नाव खंडू होतं, रेशनकार्डावर खंडेराम, दुकानाच्या परवान्यावर खंडेराव. एवढ्या भांडवलावर पासपोर्ट सहज दोन वर्षं रखडायला हरकत नव्हती. ते पालघरला गेले ते मोठ्या विश्वासानं. पण माणसाचे दिवस फिरले की कारकूनसुद्धा कामाला लागतात. प्रतिज्ञापत्र अकरा मिनिटांत झालं. साहेब जागेवर होते. शिक्का सापडला, आणि शिक्क्याला शाईही होती. "उद्या येऊ का?" खंडेरावांनी आर्जवानं विचारलं. "छे हो, आत्ताच घेऊन जा," कारकून म्हणाला, आणि त्यांना चहाही दिला. असला उर्मटपणा त्यांनी कुठल्याच कचेरीत पाहिला नव्हता.

पासपोर्टही वेळेआधी घरी आला. राहता राहिली मुंबईतली इटलीची वकिलात. तिथल्या गोऱ्या साहेबाला सगळ्या अर्जदारांचा एकच संशय : हा तिकडे गेला की परत येणार नाही. त्यानं दुभाष्यामार्फत विचारलं, "आमच्या देशात तुम्हाला का जायचं आहे?"

"मला जायचं नाही," खंडेराव म्हणाले.

साहेबानं मान वर केली. "मग तिथं राहण्याचा विचार?"

"एक मिनिटसुद्धा नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी आत्ता चार वाजताची गाडी पकडतो. उपकार होतील."

साहेबानं उभ्या आयुष्यात इतका खरा माणूस पाहिला नव्हता. त्यानं तिथल्या तिथं शिक्का मारला आणि उठून हात मिळवला.

तेव्हा खंडेरावांनी ठरवलं की आता सरावाशिवाय गत्यंतर नाही. नवापूरची लाडकी रोज मासळीची टोपली घेऊन त्यांच्या आळीत येई. तिच्या नवऱ्याची, देवूची, होडी होती. खंडेरावांनी तिला दुकानाच्या मागे बोलावून, कुणाला न सांगण्याच्या अटीवर, आपली अडचण सांगितली.

"आवं शेट, त्यात काय हाय?" लाडकी म्हणाली. "आमची पोरा रांगायच्या आदी होडीत बसतात. या उद्या. कोनाला नाय सांगत मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी खंडेराव नवापूरच्या किनाऱ्यावर होडीत बसले. होडी वाळूत होती. पाणी दोनशे पावलं लांब होतं. तरी त्यांनी दोन्ही काठ असे धरले होते की बोटं पांढरी पडली.

"शेट, डोलं तरी उगडा," देवू म्हणाला. "होडी सुक्यात हाय."

"माहीत आहे मला," डोळे न उघडता खंडेराव म्हणाले. "हलवू नका."

"कोन हलवतंय? मी हितं खाली बसलोय."

अर्ध्या तासानं त्यांना बरं वाटू लागलं. पाऊण तासानं ते देवूला जालन्याच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगू लागले. देवूला डुलकी लागली. तासाभरानं खंडेरावांनी विजयी मुद्रेनं डोळे उघडले, तेव्हा भरती आलेली होती आणि होडीच्या बुडाखाली पाण्याची एक जीभ शिरत होती. होडी कुरकुरली. खंडेरावांनी जी उडी मारली ती थेट चिखलात. चष्मा गेला तो गेलाच.

लाडकीनं खरोखरच कोणाला सांगितलं नाही. फक्त ज्या घरांत मासळी दिली तिथं सांगितलं. संध्याकाळपर्यंत आळीत सल्लागारांची रांग लागली. शेजारच्या सोजराबाईंनी समुद्रात टाकायला नारळ आणून दिला. समोरच्या मंदानं पाठीला बांधायला गोड्या तेलाचा रिकामा डबा, दोरीसकट, पाठवला. तिच्या माहेरी सगळे असेच पोहायला शिकले होते. कारखान्यात काम करणारा भाडेकरू म्हणाला, "सेठ, डरनेका नहीं. आदमी का शरीर अपने आप तैरता है. तीन दिन बाद." इंदुबाईंनी हे सगळं ऐकलं, डबा परत पाठवला, नारळाची चटणी केली आणि विचारलं, "पाणी काय चावतंय का?" खंडेरावांनी चटणीची वाटी पुढ्यात ओढली. भीतीला उत्तर असतं तर ती भीती कशाला राहिली असती?

नोव्हेंबरात ते निघाले. विमानाची त्यांना भीती वाटली नाही, कारण आकाशात पाणी नसतं. पण खुर्चीत बसताच हवाईसुंदरीनं पिवळं जॅकेट घालून दाखवलं आणि ते कशासाठी ते सांगितलं. उरलेले नऊ तास खंडेराव आपल्या खुर्चीखाली हात घालून ते जॅकेट चाचपत होते.

रोममध्ये पडक्या भिंती होत्या, फ्लॉरेन्समध्ये चित्रं होती. दोन्ही कोरडी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चाळीस पंपवाले आणि त्यांच्या बायका एका धुकट धक्क्यावर उतरल्या, आणि पुढं रस्ताच संपला.

सहलीचा व्यवस्थापक पुंडलिक हा मुंबईचा हसतमुख तरुण. बोटीत चढताना खंडेरावांनी त्याची बाही धरली. "माणसं किती, जॅकेटं किती?"

"काका, ही इथली बस आहे. रोज लोक कामाला जातात हिच्यातून."

"मी संख्या विचारली."

बोट सुटली. खंडेराव अगदी मधोमध, एका लोखंडी खांबाला मिठी मारून उभे राहिले. दोन्ही बाजूंना घरं थेट पाण्यातून वर आली होती, दारांना हिरवं शेवाळ, पायऱ्या पाण्यात उतरून कुठं जात होत्या देव जाणे. इंदुबाई कठड्याला टेकून लहान मुलीसारख्या इकडून तिकडं बघत होत्या. "अहो, बघा तरी! भिंतीला कसा रंग दिलाय!"

"बघतोय," खंडेराव खांबाकडे बघत म्हणाले.

मोठ्या चौकात वाटाडी भेटली. उंच, साठीची, हातात मिटलेली लाल छत्री. तिचं नाव कुणालाच धड म्हणता येईना, म्हणून बायकांनी तिचं नाव छत्रीबाई ठेवलं. ती छत्री वर करून बोलायची आणि पुंडलिक मराठीत सांगायचा. ती म्हणाली, हे शहर चिखलात ठोकलेल्या लाखो लाकडी खुंटांवर उभं आहे, शेकडो वर्षं झाली.

"लाकूड? पाण्यात?" खंडेरावांनी हात वर केला. "कुजत नाही?"

हवा लागत नाही म्हणून कुजत नाही, असं उत्तर आलं. त्यांचा विश्वास बसला नाही. मग छत्रीबाईनं समोरचा उंच मनोरा दाखवला. मूळचा मनोरा, ती अभिमानानं म्हणाली, एका सकाळी आपोआप कोसळला होता. हा नंतर तसाच्या तसा बांधलाय. खंडेराव मागे सरले. मागे पाणी होतं, म्हणून पुन्हा पुढे आले.

एवढ्यात भोंगा वाजला. लांबलचक, चढत जाणारा. बोईसरमध्ये राहिलेल्या माणसाला भोंग्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तिथल्या रासायनिक कारखान्यांच्या वायुगळतीच्या तालमीत दर वर्षी शिकवतात : पळू नका, ओला रुमाल नाकाला, वाऱ्याला आडवं चाला. खंडेरावांनी बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं, नाकाला बांधला आणि दुसरा रुमाल इंदुबाईंच्या नाकाला लावायला गेले. त्यांनी हात झटकला. पुंडलिक धावत आला.

"काका, काय करताय? वायू नाही. भरतीचा इशारा आहे. पाणी चढणार म्हणतायत."

"कुठं?"

"इथंच. चौकात. तासा-दोन तासांत गुडघाभर."

"आणि आपण?"

"आपण जेवायला जाणार."

खंडेरावांनी रुमाल सोडला. वायू असता तर बरं झालं असतं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं.

बघता बघता फरशीच्या फटींतून पाणी वर येऊ लागलं. वरून नाही, बाजूनं नाही, खालून. म्युनिसिपालिटीच्या माणसांनी बाकांसारख्या लाकडी फळ्या मांडल्या आणि लोक त्यांवरून एकामागून एक चालू लागले. खंडेरावांनी इंदुबाईंचा पदर धरला. इंदुबाईंनी पदर स्वेटरच्या आत खोचलेला होता, त्यामुळे हातात दोन बोटं कापड आलं, तेवढंच घट्ट धरून ते चालले. फळी लवायची आणि खाली पाणी चुळूक करायचं. फळ्या संपल्या, एक अरुंद गल्ली आली, मग एक छोटा दगडी पूल. पुलाच्या मधोमध आल्यावर खंडेरावांनी खाली पाहिलं. पलीकडच्या गल्लीत घोटाभर पाणी होतं आणि लोक त्यातून चालत होते.

त्यांचे पाय थांबले. म्हणजे त्यांनी थांबवले नाहीत, पाय थांबले. पदर सुटला. मागून जर्मन की कोण मंडळी आली, ती मध्ये शिरली आणि लाल छत्री वळणाआड जाऊ लागली.

"अगं!" खंडेराव ओरडले. "अगं ए! ऐकतेस का! अगं!"

त्या शहरात 'अगं' म्हटल्यावर वळून बघणारं कुणी नव्हतं. दोन कबुतरं उडाली. छत्री दिसेनाशी झाली.

आता ते एकटे होते. पुढे पाणी, मागं वळून पाहिलं तर ज्या गल्लीतून आले तीही भरलेली. पुलाच्या सात पायऱ्या कोरड्या होत्या. थोड्या वेळानं सहा. खंडेराव कठडा धरून मधल्या दगडावर उभे होते, आणि तोंडाला इतकी कोरड पडली होती की एवढ्या पाण्यात त्यांना तहान लागली होती. पाच पायऱ्या. इथं आपल्याला ओळखणारं कोणी नाही. आपण काय ओरडतो ते कळणारं कोणी नाही. खिशात हॉटेलचा पत्ता नाही, तो इंदुबाईंच्या पर्समध्ये. हे शहर हजार वर्षं बुडतंय बुडतंय म्हणतायत, पण कुठल्याही गोष्टीचा एक शेवटचा दिवस असतोच, आणि तो मंगळवार का असू नये?

चार पायऱ्या राहिल्या तेव्हा त्यांना तो आवाज ऐकू आला.

पुलाच्या पायथ्याशी कागद-वह्यांचं एक छोटं दुकान होतं. आत पाणी शिरलं होतं. एक म्हातारी गुडघ्याइतक्या रबरी बुटांत उभी राहून वह्यांचे गठ्ठे वरच्या फळीवर चढवत होती, आणि उंबऱ्याशी चौथऱ्यावर एक पंप किंचाळत होता. हो, किंचाळत. पोटात पाणी असलेला पंप घुमतो. हवा धरलेला पंप किंचाळतो. बाहेर सोडलेल्या नळीतून थेंब येत नव्हता.

"बाई," खंडेराव पुलावरून म्हणाले, "पंप सुका पळतोय."

म्हातारीनं पाहिलं नाही.

"अहो बाई! बंद करा तो! सील जाईल! जळेल!"

तिनं वर पाहिलं, हात जोडल्यासारखे केले, तिच्या भाषेत काहीतरी रडवेलं बोलली आणि दुसरा गठ्ठा उचलला. पंपाचा सूर आणखी वर गेला. बावीस वर्षांत त्यांनी पुष्कळ अन्याय निमूटपणे पाहिले होते, पण डोळ्यांदेखत पंप जळताना पाहिला नव्हता.

"अरे, काय माणसं आहेत ही!" ते म्हणाले, आणि तरातरा चालत जाऊन त्यांनी आधी बटण बंद केलं.

मग काम सुरू झालं. त्यांनी ओढणारी नळी पाण्यातून उपसली. टोकाच्या जाळीला एक प्लॅस्टिकची पिशवी चिकटली होती. ती काढून त्यांनी म्हातारीच्या नाकासमोर धरली. "हे बघा. हे असतं. दर वेळी हेच असतं. आणि पंपवाल्याच्या नावानं बोंब मारतात." म्हातारी "सी, सी" म्हणाली, म्हणजे हो, हो. त्यांनी पंपाच्या डोक्यावरचं बूच खोललं, खुणेनं भांडं मागितलं, तिनं फुलदाणी दिली. त्या फुलदाणीनं खालचं पाणी भरून भरून त्यांनी पंप काठोकाठ भरला, बुडबुडे जाऊ दिले, बूच आवळलं, बटण दाबलं. पंप एकदा खोकला, दोनदा खोकला आणि घुमू लागला. बाहेरच्या नळीतून मनगटाएवढी धार सुटली. म्हातारीनं त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. खंडेराव कानापर्यंत लाल झाले, पण सल्ला अर्धवट सोडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "आणि चौथरा आणखी वीतभर उंच करून घ्या," त्यांनी बजावलं.

"काका!" पुंडलिकचा आवाज आला.

पुलावर सगळी मंडळी गोळा झाली होती. छत्रीबाई, पंपवाले, त्यांच्या बायका. सगळे त्यांच्याकडे नव्हे, त्यांच्या पायांकडे बघत होते. खंडेरावांनीही खाली पाहिलं.

पाणी गुडघ्याच्या वर होतं. डावा बूट पायात नव्हता.

त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो हवा धरलेल्या पंपाचाच होता. भीती एवढा वेळ पुलावर त्यांची वाट बघत थांबली होती, ती एका झेपेत अंगावर आली. त्यांनी दाराची चौकट पकडली. पुंडलिक म्हणाला, "या काका, हात द्या." ते हलले नाहीत. दोन धिप्पाड पंपवाले पँटी दुमडू लागले.

तेवढ्यात खंडेरावांना इंदुबाई दिसल्या. त्या पुलाच्या पायरीवर बसल्या होत्या. अर्धा तास धुक्यात गल्ल्यागल्ल्यांतून फिरून त्यांचा स्वेटर ओला झाला होता आणि कपाळावरचं कुंकू नाकावर ओघळलं होतं. कधी कुणाला न घाबरलेली ती बाई पदर तोंडात कोंबून रडत होती. बायका समजूत घालत होत्या, पण तिला कुणाचं ऐकू येत नव्हतं.

खंडेरावांनी चौकट सोडली. भीती कमी झाली म्हणून नाही. ती होती तेवढीच होती. पण तिकडं कोणीतरी जायला हवं होतं आणि ते काम दुसऱ्या कुणाचं नव्हतं. एका पायात बूट, एकात मोजा, पाण्यात चाचपत चाचपत ते अकरा पावलं चालले. आठव्या पावलाला त्यांनी डोळे मिटले. अकराव्याला दगडाची पायरी लागली.

ते इंदुबाईंच्या शेजारी बसले.

"मला वाटलं, गेलात," इंदुबाई म्हणाल्या. "सगळ्या पुलांवर पाहिलं. प्रत्येक पाण्यात डोकावले. मीच ओढत आणलं तुम्हाला, असं वाटत होतं सारखं."

"मी हाक मारली होती."

"काय म्हणून?"

"अगं म्हणून."

"या गर्दीत अगं? पन्नास बायका चालल्या होत्या. नाव घेतलं असतंत तर वळले असते ना मी."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात खंडेरावांनी ते नाव चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. बाकीचे एकोणचाळीस पंपवाले ऐकत होते. छत्रीबाई ऐकत होती. म्हातारी दुकानाच्या दारात हात पुसत उभी होती. खाली पाणी चौथ्या पायरीला लागलं होतं.

"इंदू!" खंडेराव एवढ्या मोठ्यानं ओरडले की कालव्यापलीकडच्या एका खिडकीतून एक माणूस डोकावला.

इंदुबाईंनी दचकून त्यांचा हात धरला. "ओरडताय कशाला?" त्या म्हणाल्या. "इथंच तर आहे मी."